बारा व्होल्टवरचं अंडी उबवणी यंत्र: हीटरचा हिशोब आणि वाटेत गळालेले वॅट

६ जानेवारी

जुन्नर तालुक्यातलं आमचं गाव. परसात गावरान कोंबड्या आहेत, अंडी भरपूर मिळतात, पण हवी तेव्हा खुडूक कोंबडी मिळत नाही. याआधीचं यंत्र ६० वॅटच्या साध्या बल्बवर चालायचं. रात्री वीज गेली की सगळा घाणाच वाया. घरात इन्व्हर्टर नाही. म्हणून या वेळी आतलं सगळं १२ व्होल्टवर करायचं. वीज असेल तेव्हा एसएमपीएस (घरातल्या विजेचे १२ व्होल्ट डीसी करून देणारा डबा), गेली की बॅटरी.

खोका मासळीवाल्याकडून आणला, थर्माकोलचा, बाहेरून ५० × ४० × ३५ सेंटीमीटर, भिंत अडीच सेंटीमीटर जाड. सोड्याने दोनदा धुतला तरी वास आहेच. तापमानासाठी डब्ल्यू-१२०९ हे छोटं थर्मोस्टॅट (ठरलेल्या अंशाला हीटर चालू-बंद करणारं), हवा फिरवायला कॉम्प्युटरचा १२ व्होल्टचा पंखा.

अंड्यांना ३७.५ अंश लागतात. जुना बल्ब ६० वॅटचा होता आणि निम्मा वेळ बंद असायचा, तेव्हा ४० वॅट पुरतील असं धरलं. हिशोब एवढाच:

४० वॅट ÷ १२ व्होल्ट = ३.३३ अँपिअर
१२ व्होल्ट ÷ ३.३३ अँपिअर = ३.६ ओहम

म्हणजे ३.६ ओहम रेझिस्टन्सचं (करंटला तेवढं अडवणारं) काहीतरी १२ व्होल्टला जोडायचं. कागदावर काम संपलं.

८ जानेवारी

भावोजी वायरमन आहेत. त्यांनी गाड्यांच्या गॅरेजातून इंडिकेटरचे २१ वॅटचे दोन बल्ब आणून दिले, चाळीस रुपयांत. दोन मिळून ४२ वॅट, म्हणजे बनवायलाच नको.

जोडण्याआधी एका बल्बचा रेझिस्टन्स मल्टिमीटरवर घेतला. ०.९ ओहम. प्रोब एकमेकांना टेकवले तर नुसत्या वायरींचेच ०.३ येतात, ते वजा केले की राहिले ०.६. आता १२ चा वर्ग भागिले ०.६ केलं तर उत्तर २४० वॅट. बल्बवर लिहिलंय २१.

बल्ब पेटवून मोजलं तेव्हा उलगडलं. बल्बच्या टोकांवर १२.३ व्होल्ट, करंट १.७६ अँपिअर.

१२.३ ÷ १.७६ = ७ ओहम
१२.३ × १.७६ = २१.६ वॅट

थंड तार ०.६ ओहम आणि पांढरी तापलेली तीच तार ७ ओहम, दहापटीहून जास्त. घरातल्या २३० व्होल्टच्या ६० वॅट बल्बचंही तेच. हिशोबाने २३० चा वर्ग भागिले ६० म्हणजे ८८० ओहम यायला हवेत, थंड बल्ब मीटरवर ७० सुद्धा दाखवत नाही. तेव्हा तापणाऱ्या वस्तूचा रेझिस्टन्स काढायचा तर ती चालू असताना व्होल्ट आणि अँपिअर घ्यायचे आणि भागाकार करायचा. मीटरचा ओहमचा पट्टा इथे कामाचा नाही.

बल्ब मात्र बाद केले. थर्मोस्टॅट दर चार-पाच मिनिटांनी चालू-बंद करणार, आणि प्रत्येक वेळी थंड फिलामेंट क्षणभर प्रचंड करंट ओढणार. थर्मोस्टॅटमधला रिले (चालू-बंद करणारा स्विच) १० अँपिअरचा आहे, त्याच्या टोकांना हा मार रोज शेकडो वेळा बसला असता. शिवाय इंडिकेटरचा बल्ब तीन आठवडे जळत ठेवण्यासाठी बनवलेला नसतो. अठराव्या दिवशी बल्ब गेला तर काय करायचं?

९ जानेवारी

करंट मोजण्यात संध्याकाळ गेली, त्याची वेगळी नोंद. भावोजींचा क्लॅम्प मीटर (वायर न तोडता नुसता भोवती लावून करंट मोजणारा) बॅटरीच्या वायरीभोवती लावला, तर शून्य.

“वहिनी, करंटच जात नाहीये. कुठंतरी तुटलंय.”

“अहो, बल्ब तर लख्ख पेटलाय.”

क्लॅम्प चांगलाच होता, पण तो फक्त एसी मोजणारा. बाजारातले बहुतेक स्वस्त क्लॅम्प असेच असतात. बॅटरीचा डीसी करंट त्यांना दिसतच नाही. डीसी मोजणारा क्लॅम्प महाग पडतो, एवढ्यासाठी घेण्यात अर्थ नव्हता.

मग अडीचशे रुपयांचं पिवळं मल्टिमीटर सर्किटमध्ये मधोमध घालून, लाल पिन १० अँपिअरच्या भोकात लावून मोजलं. दोन गोष्टी सांभाळा. मोजून झाल्यावर लाल पिन लगेच व्होल्टच्या भोकात परत लावा. नाहीतर पुढच्या वेळी व्होल्ट मोजायला प्रोब बॅटरीला टेकवाल आणि थेट शॉर्ट होईल. दुसरं, या मीटरसोबत येणाऱ्या वायरी केसासारख्या बारीक असतात. तीन अँपिअरला त्याच गरम होतात आणि सर्किटमधले अर्धा-पाऊण व्होल्ट खाऊन टाकतात. मी त्या काढून जाड वायरीचे प्रोब केले. करंट घेतानाच हीटरच्या टोकांवरचे व्होल्टही दुसऱ्या मीटरने घ्यायचे. दोन्ही आकडे एकाच क्षणाचे हवेत, नाहीतर गुणाकार खोटा.

११ जानेवारी

पुण्याहून निक्रोमची (हीटरच्या कॉईलसाठी वापरतात ती) तार आणवली, १० मीटर, दोनशे वीस रुपये. दुकानदार म्हणाला २८ गेज (तारेच्या जाडीचा नंबर, मोठा तितकी तार बारीक). २८ गेजला मीटरमागे सुमारे ९.८ ओहम यायला हवेत.

एवढा लहान रेझिस्टन्स साध्या मीटरवर धड येत नाही, शेवटचा आकडा नाचत राहतो. म्हणून उलट्या बाजूने गेले. तारेचा बरोबर एक मीटर भाग दोन खिळ्यांमध्ये ताणला, त्याच्या ओळीत इंडिकेटरचा एक बल्ब जोडला म्हणजे करंट आवाक्यात राहतो, आणि बॅटरी लावली. करंट १.१० अँपिअर. व्होल्ट मात्र बरोबर त्या एक मीटरच्या दोन खुणांवर प्रोब टेकवून घेतले, जोडांच्या आतल्या बाजूला. ७.२६ आले.

७.२६ ÷ १.१० = ६.६ ओहम

म्हणजे ही तार २८ नव्हे, २६ गेजची आहे. त्या गेजला मीटरमागे ६.६ च्या आसपासच येतात. चिठ्ठीवरच्या गेजवर विसंबून ३.६ ओहमसाठी ३७ सेंटीमीटर कापली असती, तर हीटर अडीच ओहमचा झाला असता आणि ६० वॅट ओढत बसला असता. आता लांबी अशी: ३.६ ÷ ६.६ = ०.५४ मीटर.

निक्रोमची सोय ही की तापल्यावर तिचा रेझिस्टन्स फारसा बदलत नाही. बल्बचा गोंधळ इथे नाही. थंड असताना काढलेला आकडा गरम झाल्यावरही जवळपास तोच राहतो.

१२ जानेवारी

५४ सेंटीमीटरची तार पेन्सिलीवर गुंडाळून कॉईल केली आणि बॅटरीला लावली. व्होल्ट १२.१, करंट ३.३५, म्हणजे ४० वॅट. हिशोब तंतोतंत.

पण खोलीतला दिवा बंद केला तर कॉईल काळपट लाल दिसत होती. थर्माकोलचा तुकडा तीन बोटांवर धरला, तर कडेने आकसायला लागला. असली वस्तू अंड्यांच्या खोक्यात ठेवणार कोण?

वॅट बरोबर होते, पण सगळे अर्ध्या मीटर तारेतून बाहेर पडत होते. तेवढीच उष्णता जास्त लांबीवर पसरवायला हवी. मात्र तार नुसती लांब केली तर रेझिस्टन्स वाढतो आणि वॅट कमी होतात. त्यावर उपाय म्हणजे लांब तारांचे पॅरलल फेरे. चार तारा, प्रत्येकी १४.४ ओहमची. चार सारख्या पॅरललमध्ये आल्या की १४.४ ÷ ४ = ३.६ ओहम. प्रत्येकीची लांबी १४.४ ÷ ६.६ = २.१८ मीटर. प्रत्येकीतून ०.८३ अँपिअर, प्रत्येकीत १० वॅट. एकूण ४० च, फक्त आता जवळजवळ पावणेनऊ मीटर तारेवर वाटलेले.

दहा मीटर घेतली होती म्हणून निभावलं. तुम्ही करणार असाल तर सुरुवातीलाच बारा घ्या.

१४ जानेवारी

संक्रांतीच्या गडबडीतही फ्रेम झाली. प्लायच्या चौकटीवर चिनीमातीचे मणी बसवले आणि त्यांतून तारा ओढल्या. टोकं पितळी कनेक्टरने बांधली. निक्रोमला सोल्डर धरत नाही, त्यात वेळ घालवू नका, स्क्रूनेच दाबायची. हात जवळ नेला तर ऊब लागते, लाली कुठेही नाही. थर्माकोलचा तुकडा पाच मिनिटं शेजारी ठेवला, काही झालं नाही.

टेबलावर, आखूड वायरींनी: ३.६ ओहम, ४० वॅट.

१७ जानेवारी

खोका मागच्या पडवीत मांडला. एसएमपीएस घरात मधल्या खोलीत, १२.४ व्होल्टवर लावलेला. मधे घरात पडून असलेली ०.७५ ची (चौरस मिलिमीटर) वायर, एका बाजूने सहा मीटर. दिवसा सगळं झकास. अंडी न ठेवता नुसता खोका चालवला, ३७.५ वर थांबत होता.

काल रात्री बाहेर १० अंश. पहाटे चारला पाहिलं तर खोक्यात ३५.४. हीटरचा दिवा सलग लागलेला, रिले एकदाही बंद झालेला नाही. तासाभराने पुन्हा पाहिलं, तरी ३५.४. हीटर पूर्ण ताकदीने चालूनही वर जाईना.

अंडी आत असती तर तीन-चार अशा रात्रींत संपली असती.

१८ जानेवारी

पहिला विचार आला जास्त वॅटचा हीटर करायचा. भावोजी म्हणाले, “आधी आहेत ते वॅट खोक्यापर्यंत पोचतायत का ते बघा, वहिनी.” ते बरोबर निघाले.

चालू स्थितीत, भारासकट घेतलेले आकडे:

एसएमपीएसच्या टोकांवर: १२.४ व्होल्ट
हीटरच्या टोकांवर: ११.२ व्होल्ट
करंट: ३.११ अँपिअर

हीटरचा रेझिस्टन्स ११.२ ÷ ३.११ = ३.६, म्हणजे हीटर निर्दोष. त्याला मिळणारे वॅट मात्र ११.२ × ३.११ = ३४.८. ठरवलेल्या ४० पेक्षा पाचेक वॅट कमी. व्होल्ट दहा टक्क्यांनी कमी झाले की वॅट जवळजवळ वीस टक्क्यांनी पडतात, कारण व्होल्टबरोबर करंटही कमी होतो.

बाकीचे १.२ व्होल्ट कुठे गेले? वीज चालू ठेवूनच मल्टिमीटर व्होल्टवर लावला आणि एकेका तुकड्याच्या दोन टोकांना प्रोब टेकवत गेले. १२ व्होल्ट असल्याने हे उघड्या हाताने करता येतं. २३० वर चुकूनही करू नका.

जाणारी वायर ०.४३ व्होल्ट, येणारी वायर ०.४३. दोन्ही मिळून ०.८६ ÷ ३.११ = ०.२८ ओहम. तांब्याची ०.७५ ची वायर मीटरमागे ०.०२३ ओहम देते, १२ मीटरचे ०.२७६. म्हणजे वायर खराब नाही, बारीक आहे एवढंच. पण पडवीच्या दारावरच्या प्लॅस्टिकच्या कनेक्टर पट्टीवर, एका स्क्रूच्या अलीकडे-पलीकडे, ०.३४ व्होल्ट! एका स्क्रूपाशी एक वॅट. बोट लावलं तर चांगलीच गरम, आणि पट्टीचं पांढरं प्लॅस्टिक त्या बाजूला पिवळं पडून किंचित बसलेलं. स्क्रू काढला तेव्हा दिसलं की वायरीच्या तारा इन्सुलेशनसकट दाबल्या गेल्या होत्या, तांबं दोन-तीन केसांनीच टेकलं होतं.

एक वॅट म्हणजे किरकोळ वाटतं. पण हीटरमधला एक वॅट वीतभर तारेवर पसरलेला असतो, इथे तो वाटाण्याएवढ्या जागेत कोंडलेला. आगी अशाच जोडांमधून लागतात.

१९ जानेवारी

अडीचची वायर आणली, १२ मीटर, मीटरला ३५ प्रमाणे ४२० रुपये. सगळ्या खर्चात हीच रक्कम टोचली, पण टाळता आली नसती. टोकांना लग (बोल्टखाली बसणारी धातूची टोपणं) दाबून घेतले, पट्टी फेकून दिली, बोल्टने आवळलं. बॅटरीजवळ ५ अँपिअरचा फ्यूज घातला. फ्यूज बॅटरीच्या जवळच हवा, खोक्याजवळ नको, कारण वायर मधेच कुठे शॉर्ट झाली तर खोक्याजवळचा फ्यूज तिला वाचवू शकत नाही.

नवे आकडे: हीटरवर १२.१ व्होल्ट, करंट ३.३६ अँपिअर, ४०.६ वॅट. हीटरला हातही न लावता सहा वॅट परत मिळाले.

त्यानंतर खोका किती उष्णता गमावतो ते काढलं. दुपारी बाहेर २५ अंश होते. मोबाईलवर वेळ लावली: हीटर दोन मिनिटं चालू, तीन मिनिटं बंद. म्हणजे ४० टक्के वेळ. ४०.६ चे ४० टक्के १६.२ वॅट, त्यात पंख्याचे १.८ (१२ व्होल्ट, ०.१५ अँपिअर, पंखा आतच आहे, त्याचीही शेवटी उष्णताच होते). १८ वॅट, आत-बाहेर फरक १२.५ अंशांचा. दर अंशाला १.४४ वॅट.

आता १७ तारखेच्या रात्रीचा ताळा घेतला. तेव्हा मिळत होते ३४.८ अधिक १.८, म्हणजे ३६.६ वॅट. भागिले १.४४ केलं की २५.४ अंश. बाहेरचे १० मिळवले की ३५.४. पहाटे नेमका हाच आकडा दिसत होता. हे जुळलं तेव्हा मी मीटर खाली ठेवून चहा केला.

नव्या वायरीनेसुद्धा १० अंशांच्या रात्री हीटर ९३ टक्के वेळ चालू राहणार. फार काठावर. म्हणून खोक्यावर जुनी गोधडी चारी बाजूंनी बांधली, हवेची भोकं मात्र मोकळी ठेवली. रात्री १३ अंशांना मोजलं, हीटर ७० टक्के वेळ चालू. दर अंशाला १.४४ वरून सव्वा वॅटच्या खाली आलं. गोधडीचा खर्च शून्य.

२१ जानेवारी

ट्रॅक्टरची जुनी बॅटरी पडून होती. तिच्यावर १२.५ व्होल्ट दिसत होते, भावोजी खूश. हीटर लावताच ११.१. करंट ३ अँपिअर. १.४ व्होल्ट बॅटरीच्या आतच गेले: १.४ ÷ ३ = ०.४७ ओहम. वायरीतली घट वजा जाता हीटरला उरले १०.८ व्होल्ट, साडेबत्तीस वॅट. म्हणजे बॅटरीवर गेल्यावर पुन्हा १७ तारखेची रात्र.

गाडीची ३५ अँपिअर-तासांची चांगली बॅटरी लावली: भार नसताना १२.६, भारावर १२.४. आतला रेझिस्टन्स ०.०६ ओहम. नुसते व्होल्ट बघून बॅटरी घेऊ नका. गाडीचा एखादा बल्ब सोबत न्या, लावा आणि व्होल्ट किती पडतात ते बघा.

बॅटरी किती वेळ पुरेल? थंड रात्री सरासरी ३० वॅट, म्हणजे साधारण २.४ अँपिअर. शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्याच्या खाली नेऊ नये, ती लवकर मरते. निम्मे साडेसतरा अँपिअर-तास, भागिले २.४, सात तास. आमच्याकडे एवढा वेळ सलग वीज क्वचितच जाते.

२३ जानेवारी

विजेचं बिल किती येईल हे बघायचं होतं, आणि इथे भावोजींचा एसी क्लॅम्प कामाला आला. करंट फार कमी असल्याने एका वायरीचे दहा वेढे क्लॅम्पच्या जबड्यातून घेतले. वाचन ३.९, म्हणजे खरा करंट ०.३९ अँपिअर. व्होल्ट २३२. गुणाकार ९० येतो.

पण प्लगमध्ये लावायचा वॅटमीटर ५० दाखवत होता. बरोबर वॅटमीटरच आहे. स्वस्त एसएमपीएस एसीच्या लाटेच्या शेंड्यालाच झटक्याने करंट ओढतो, म्हणून एसीवर व्होल्ट गुणिले अँपिअर केलं की फुगलेला आकडा येतो. हीटर, इस्त्री, जुना बल्ब यांना तो गुणाकार चालतो. मोटर आणि एसएमपीएसला नाही. एसएमपीएसमधून बाहेर ४३.५ वॅट जातात, आत ५० येतात. उरलेले साडेसहा एसएमपीएसच्याच अंगात मुरतात, म्हणून त्याच्यावर काही झाकू नका.

२५ जानेवारी

तीस अंडी ठेवली. थर्मोस्टॅटचा सेन्सर हीटरपासून लांब, अंड्यांच्या उंचीवर. पाण्याची ताटली तळाशी.

१ फेब्रुवारी

मोबाईलच्या टॉर्चवर अंडी तपासली. चार रिकामी, काढून टाकली. दरम्यान एकदा मध्यरात्री वीज गेली. चेंजओव्हर रिलेने (वीज गेली की आपोआप बॅटरी जोडणाऱ्या) बॅटरीवर घेतलं, सकाळपर्यंत ३७.४.

हीटरचे आकडे पुन्हा घेतले: १२.१ आणि ३.३६. जराही फरक नाही. दारावरच्या नव्या जोडावर ०.०२ व्होल्ट.

१६ फेब्रुवारी

काल-आज मिळून बावीस पिल्लं. चार अंडी फुटलीच नाहीत. त्यांतल्या दोनांत पिल्लू पूर्ण वाढलेलं होतं. शेवटच्या तीन दिवसांत ओलावा कमी पडला असावा, हीटरचा दोष दिसत नाही. वॅटमीटरवर एकूण १४ युनिट.

खर्च, बॅटरी सोडून: तार २२०, थर्मोस्टॅट १६०, पंखा १२०, एसएमपीएस ३५०, वायर ४२०, रिले, लग, फ्यूज वगैरे १५०, बाद झालेले बल्ब ४०. एकूण १,४६०.

आता शेजारच्या काकूंना साठ अंड्यांचा खोका हवाय. त्याला ६० वॅट धरलेत: ५ अँपिअर, २.४ ओहम. तार याच मापाची, २.१८ मीटरच्या सहा पॅरलल, एकूण तेरा मीटर. अडीचच्या वायरीत ५ अँपिअरला ०.४ व्होल्ट पडतील, म्हणून एसएमपीएस १२.५ वर लावायचा, तोही दहा अँपिअरचा, आणि फ्यूज साडेसातचा. तार या वेळी पंधरा मीटर मागवली आहे.